‘किती प्रकारे?’ असं विचारलं की यादी कशी मांडायची

शिष्यवृत्ती असो, नवोदय असो की दहावीची संभाव्यता, मोजणीचा प्रश्न आला की मुलं दोनपैकी एक गोष्ट करतात. सुचतील तशा जोड्या लिहीत सुटतात, नाहीतर अर्धवट आठवणारा गुणाकार ठोकून मोकळी होतात. पहिल्या प्रकारात एखादी जोडी गळते आणि एखादी दोनदा येते. दुसऱ्यात उत्तर दुप्पट नाहीतर सहापट निघतं. आकडेमोड बहुतेकांची बरोबर असते, चुकते ती मांडणी.

खुरपणीला बसलेली बाई आपली पात धरते आणि ती संपेपर्यंत शेजारच्या पातीत हात घालत नाही. म्हणून एखाद्या जागी तण राहिलं तर ते कुठल्या पातीत राहिलं हे बांधावरूनही दिसतं. यादीचंही तसंच व्हायला हवं. काही सुटलं असेल तर ती मोकळी जागा डोळ्यांना दिसली पाहिजे. १७ आले की १८, हे यादीकडे पाहून ठरवता येत नसेल तर ती यादी नव्हे, नुसती गर्दी.

आधीची तयारी

कच्च्या कामाच्या जागेत आडवं, स्वल्पविराम देत लिहू नका. उभं लिहा, एका ओळीत एकच नग. गट बदलला की नवा उभा रकाना सुरू करा. आडव्या यादीत सातव्या आणि आठव्या नगाच्या मध्ये एक गळाला तरी कळत नाही. उभ्या रकान्यात मात्र शेजारच्या रकान्यापेक्षा उंची कमी दिसते आणि चूक लगेच पकडली जाते.

नावं पूर्ण लिहायची नाहीत, एकाक्षरी खुणा करायच्या. पण खुणा आधी ठरवून कोपऱ्यात लिहून ठेवा. पारोळा आणि पाचोरा दोन्ही प्रश्नात असतील आणि दोघांना ‘पा’ केलंत तर पुढची सगळी यादी वाया. चोपडा आणि चाळीसगाव दोघांना नुसता ‘च’ दिला तरी तेच होणार. अशा वेळी सरळ १, २, ३, ४ क्रमांक द्या.

अंक नेहमी चढत्या क्रमाने मांडून घ्या. प्रश्नात ७, ०, ५, २ असे दिले असले तरी आपल्या कागदावर ०, २, ५, ७.

वेळेचंही भान ठेवा. शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ९० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. दहा-बारा नगांची यादी तेवढ्यात होते. चाळीस नगांची होत नाही, त्यासाठी टप्पा ८ पाहा.

टप्पा १ : एक नग म्हणजे काय, ते आधी ठरवा

इथे घाई केली की पुढची सुबक यादीही चुकीचं उत्तर देते. पेन्सिल उचलण्याआधी तीन गोष्टी ठरवा: क्रम बदलला तर नग वेगळा होतो का? तीच वस्तू पुन्हा घेता येते का? आणि कोणती अट घातली आहे?

क्रमाचं उदाहरण घ्या. भुसावळ, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव ही चार स्थानकं. ‘या स्थानकांदरम्यान प्रवासासाठी किती वेगवेगळी तिकिटं लागतील?’ भुसावळहून जळगावचं तिकीट आणि जळगावहून भुसावळचं तिकीट ही दोन वेगळी तिकिटं. प्रत्येक स्थानकावरून तीन, म्हणजे १२. आता प्रश्न असा केला, ‘दोन-दोन स्थानकांच्या किती जोड्या होतील?’ भुसावळ-जळगाव काय आणि जळगाव-भुसावळ काय, जोडी एकच. उत्तर ६. स्थानकं तीच, आकडे निम्मे.

शब्दांतला फरक याहूनही बारीक असतो. ‘१ ते १०० मध्ये ७ हा अंक किती वेळा येतो?’ उत्तर २०. ‘१ ते १०० मध्ये किती संख्यांत ७ हा अंक आहे?’ उत्तर १९, कारण ७७ मध्ये अंक दोनदा असला तरी संख्या एकच. पर्यायांत १९ आणि २० दोन्ही असण्याची शक्यता दाट, कारण पेपर काढणाऱ्याला हा गोंधळ चांगला माहीत असतो.

सावधान: ‘निवडणे’, ‘गट’, ‘जोडी’, ‘हस्तांदोलन’, ‘प्रत्येक संघाचा प्रत्येकाशी एक सामना’ हे शब्द आले की क्रम सहसा मोजायचा नसतो. ‘संख्या तयार करा’, ‘रांगेत उभे करा’, ‘अध्यक्ष आणि सचिव निवडा’ असं असेल तर क्रम मोजायचा.

टप्पा २ : क्रम महत्त्वाचा असेल तर पहिली जागा घट्ट धरा

प्रश्न: ०, २, ५, ७ हे अंक वापरून, अंक पुन्हा न घेता, तीन अंकी संख्या किती?

१. शतकस्थानी कोण बसू शकतं ते लिहा. शून्य नाही, कारण ०२५ ही तीन अंकी संख्या नव्हे. उरले २, ५, ७, म्हणजे तीन रकाने.

२. पहिल्या रकान्यात शतकस्थानी २ धरा. दशकस्थानी उरलेल्यांतला सगळ्यात लहान अंक, ०. एककस्थानी उरलेले दोन, चढत्या क्रमाने: २०५, २०७. मग दशकस्थानी ५: २५०, २५७. मग ७: २७०, २७५. आता २ चा रकाना संपला.

३. त्यानंतरच ५ ला हात लावा: ५०२, ५०७, ५२०, ५२७, ५७०, ५७२.

४. शेवटी ७: ७०२, ७०५, ७२०, ७२५, ७५०, ७५२.

तीन रकाने, प्रत्येकी सहा. उत्तर १८.

तपासा: रकान्यातल्या संख्या वरून खाली वाढत गेल्या पाहिजेत. कुठे एखादी उतरली तर तिथे तुमचा क्रम मोडला आहे, आणि बहुतेकदा त्याच्याच आसपास एखादी गळालेली असते.

आता तोच प्रश्न पुढे नेतात: ‘यांतल्या सम संख्या किती?’ पुष्कळ जण १८ चे निम्मे करून ९ लिहितात. यादीवर खुणा करून पाहा. पहिल्या रकान्यात २५०, २७० अशा दोनच. दुसऱ्यात ५०२, ५२०, ५७०, ५७२ अशा चार. तिसऱ्यात ७०२, ७२०, ७५०, ७५२ अशा चार. एकूण १०. पहिल्या रकान्यात २ हा सम अंक शतकस्थानी अडकल्यामुळे एककस्थानासाठी ० एकटाच उरतो, म्हणून गट असमान होतात. अट आली की गट सारखे राहतील असं गृहीत धरू नका.

टप्पा ३ : क्रम नको असेल तर मागे वळायचं नाही

आठवडे बाजारातून वांगी, मेथी, गवार, भेंडी, टोमॅटो या पाच भाज्यांपैकी कोणत्याही तीन घ्यायच्या आहेत. किती प्रकारे?

खुणा: व, म, ग, भ, ट. हा क्रम एकदा ठरला की बदलायचा नाही. नियम एकच: प्रत्येक नगात पुढचं अक्षर आधीच्या अक्षराच्या उजवीकडचंच हवं. ‘गवम’ असं कधीच लिहायचं नाही.

व आणि म धरून: वमग, वमभ, वमट.
व आणि ग धरून: वगभ, वगट.
व आणि भ धरून: वभट.
आता व संपला, यापुढे त्याचं नाव काढायचं नाही.
म धरून: मगभ, मगट, मभट.
ग धरून: गभट.

व चे ६, म चे ३, ग चा १. एकूण १०.

चूक हमखास होते ती ‘म’च्या गटाशी. मेथीबरोबर वांगी पण घेता येतात ना, असं म्हणून मुलं ‘मवग’ लिहितात. तो नग ‘वमग’ म्हणून आधीच मोजलेला आहे. मागे वळलात की दुबार नोंद झालीच म्हणून समजा.

तपासा: अशा यादीत गट पायऱ्यांसारखे उतरत जातात. वरच्या यादीत ३, २, १, मग २, १, मग १. मध्येच एखादी पायरी उंच झाली तर दुबार, एकदम खचली तर गळती.

टप्पा ४ : पैशांच्या गणितात मोठ्या नाण्यापासून उतरा, आणि फसलेली ओळही लिहा

२० रुपये १०, ५ आणि २ रुपयांच्या नाण्यांनी किती प्रकारे देता येतील? कोणतंही नाणं न वापरलं तरी चालेल.

तीन रकाने आखा: दहा, पाच, दोन. दहाचं नाणं जास्तीत जास्त किती बसतं तिथून सुरुवात करून एकेक कमी करा. दहा ठरले की पाचचीही तशीच उतरंड. दोनची नाणी निवडायची नसतात, उरलेल्या रकमेवरून ती आपोआप ठरतात.

दहा २, पाच ०, दोन ० : जमलं
दहा १, पाच २, दोन ० : जमलं
दहा १, पाच १, उरले ५ : जमत नाही
दहा १, पाच ०, दोन ५ : जमलं
दहा ०, पाच ४, दोन ० : जमलं
दहा ०, पाच ३, उरले ५ : जमत नाही
दहा ०, पाच २, दोन ५ : जमलं
दहा ०, पाच १, उरले १५ : जमत नाही
दहा ०, पाच ०, दोन १० : जमलं

एकूण ६.

जमत नसलेल्या ओळी लिहिण्यात वेळ जातो, ही तक्रार नेहमीची. पण त्या गाळल्या तर पाचच्या रकान्यात ४, २, ० एवढंच उरतं. मग ३ आणि १ आपण तपासले होते की विसरलो, हे दहा मिनिटांनी परत पाहताना कळत नाही. ओळ लिहा, पुढे फुली मारा. चार सेकंदांचं काम आहे.

सावधान: ‘प्रत्येक प्रकारचं किमान एक नाणं हवं’ अशी अट असेल तर आधी १०, ५, २ मिळून १७ रुपये बाजूला काढा. उरले ३ रुपये. ते १०, ५, २ च्या नाण्यांनी होतच नाहीत, म्हणजे उत्तर शून्य. शून्य हेही उत्तर असू शकतं, दचकून यादी पुन्हा करत बसू नका.

टप्पा ५ : वाटे आणि वाटणी यांत गल्लत नको

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू.

७ सारखी केळी आहेत. पहिला प्रश्न: त्यांचे तीन वाटे किती प्रकारे करता येतील, कोणताही वाटा रिकामा नको? दुसरा प्रश्न: ती केळी तीन भावंडांना किती प्रकारे वाटता येतील, प्रत्येकाला किमान एक?

बाजारात मांडलेल्या वाट्यांना नाव नसतं. ४, २, १ असे वाटे असोत की १, ४, २, फळकुटावर दिसतं ते एकच. भावंडांना मात्र नाव असतं. थोरल्याला चार आणि धाकटीला एक, किंवा धाकटीला चार आणि थोरल्याला एक, यात घरात भांडण होण्याइतका फरक आहे.

आधी वाटे लिहा. नियम: मोठा वाटा डावीकडे, पुढचा त्याच्याएवढा किंवा लहान.

५, १, १
४, २, १
३, ३, १
३, २, २

पहिला वाटा ५ पेक्षा मोठा होऊ शकत नाही, कारण उरलेल्या दोन वाट्यांना एकेक तरी हवं. तो ३ पेक्षा लहानही होऊ शकत नाही, कारण २, २, २ मिळून सहाच होतात. वरचं आणि खालचं टोक असं आधी बांधून घेतलं की मधलं काही सुटत नाही. उत्तर ४.

आता भावंडांसाठी नवी यादी करायची गरज नाही. वरच्या प्रत्येक ओळीपुढे ती किती प्रकारे फिरवता येते ते लिहा. ५, १, १ मध्ये पाच केळी कोणाला एवढंच ठरवायचं, म्हणून ३. ४, २, १ मध्ये तिन्ही आकडे वेगळे, म्हणून ६. ३, ३, १ चे ३. ३, २, २ चे ३. बेरीज १५.

सावधान: ४ वाटे गुणिले ६ बरोबर २४, असं करू नका. प्रत्येक ओळ सहा प्रकारे फिरत नाही. दोन आकडे सारखे असले की तीनच.

टप्पा ६ : सारखे अंक

२, २, ५, ७ हे चारही अंक वापरून चार अंकी संख्या किती? सवयीने २४ लिहिलं जातं. यादी केली तर:

२ ने सुरू: २२५७, २२७५, २५२७, २५७२, २७२५, २७५२
५ ने सुरू: ५२२७, ५२७२, ५७२२
७ ने सुरू: ७२२५, ७२५२, ७५२२

एकूण १२. दोन्ही २ सारखेच आहेत, म्हणून २ ने सुरू होणारा रकाना एकदाच करायचा, दोनदा नाही. दोन सारख्या अंकांना मनातल्या मनात ‘पहिला दोन, दुसरा दोन’ अशी नावं देऊ लागलात की उत्तर दुप्पट होतं.

दोन फासे टाकले तर हीच चूक उलट दिशेने होते. बेरीज ८ येण्याचे प्रकार: (२,६), (३,५), (४,४), (५,३), (६,२). पाच. (२,६) आणि (६,२) वेगळे, कारण फासे दोन आहेत. पण (४,४) उलटवलं तरी तेच, ते एकदाच लिहायचं.

टप्पा ७ : आकृतीतले त्रिकोण

बुद्धिमत्ता चाचणीतला ठरलेला प्रश्न. शिरोबिंदूपासून पायापर्यंत तीन रेषा, म्हणजे चार तुकडे. तुकड्यांना १, २, ३, ४ क्रमांक द्या आणि आकाराप्रमाणे यादी करा. एकेकटे चार, शेजारचे दोन-दोन १२, २३, ३४, तीन-तीन १२३, २३४, आणि पूर्ण १२३४. एकूण १०. १ आणि ३ जोडू नका, मध्ये २ आहे. आकृतीच्या मधून पायाला समांतर आणखी एक रेषा काढली असेल तर तिच्यापर्यंतचे १० आणि पायापर्यंतचे १०, मिळून २०. बोटाने त्रिकोण मोजत बसणाऱ्याचं उत्तर दर खेपेला वेगळं येतं.

टप्पा ८ : यादी कुठे थांबवायची

पहिला गट पूर्ण लिहा. मग शेवटचा गट पूर्ण लिहा. दोन्हींची उंची सारखी असेल, अट कोणत्याही एका अंकाला झुकतं माप देत नसेल आणि सगळे नग वेगवेगळे असतील, तर मधले गट न लिहिता गुणाकार करा. यांतलं एक जरी नसेल तर मधले गट लिहावेच लागतील. टप्पा २ मधल्या सम संख्यांत पहिला गट २ आणि शेवटचा ४ होता, तिथेच गुणाकार बाद.

दहावीच्या उत्तरपत्रिकेत यादी कच्च्या कामात दडवू नका. संभाव्यतेत नमुना अवकाश हीच यादी असते. ती महिरपी कंसात क्रमाने लिहा, खाली घटकांची संख्या, मग घटना, मग घटनेच्या घटकांची संख्या. तीन नाणी फेकली तर छापा-काटा असे लिहावे: पहिल्या जागी चार छ, चार क, दुसऱ्या जागी दोन-दोन, तिसऱ्या जागी आलटून-पालटून. छछछ, छछक, छकछ, छकक, कछछ, कछक, ककछ, ककक. आठ.

या एकाच यादीवर तीन प्रश्न निघतात. नेमके दोन छापे: ३. किमान दोन छापे: ४. जास्तीत जास्त दोन छापे: ७. ‘किमान’ आणि ‘जास्तीत जास्त’ या शब्दांखाली प्रश्न वाचतानाच रेघ ओढा.

गोल रंगवण्याआधी

नग एकदा रकान्याप्रमाणे मोजा आणि रकान्याखाली आकडा लिहा. बेरीज त्या आकड्यांची करा. सगळी यादी पुन्हा एक-दोन-तीन करत मोजू नका. मग यादीतला कोणताही मधला एक नग उचला आणि प्रश्नातली प्रत्येक अट त्याला लावून पाहा. शेवटी पर्याय बघा. तुमच्या उत्तराच्या निम्मा किंवा दुप्पट आकडा पर्यायात असेल तर टप्पा १ वर परत जा आणि क्रमाचा प्रश्न पुन्हा वाचा. पर्याय आधी बघून यादी त्या आकड्यापर्यंत ताणायची सवय मात्र मोडा.

सरावाला

आधी स्वतः करा, मग कंसातल्या गटांशी ताडून पाहा. एकूण जुळलं पण गट जुळले नाहीत, तर एक गळालं आणि एक दुबार आलं असा अर्थ.

१. १, ३, ४, ६ पासून अंक पुन्हा न घेता ४०० पेक्षा मोठ्या तीन अंकी संख्या: १२ (४ च्या ६, ६ च्या ६).

२. सहा जणांनी एकमेकांशी एकदाच हस्तांदोलन केलं: १५ (५, ४, ३, २, १).

३. १५ रुपये ५, २ आणि १ च्या नाण्यांनी: १८ (पाचची तीन नाणी असताना १, दोन असताना ३, एक असताना ६, एकही नसताना ८).

४. ८ सारख्या केळ्यांचे तीन वाटे: ५. तीच केळी तीन भावंडांना, प्रत्येकाला किमान एक: २१ (३, ६, ६, ३, ३).

५. दोन फाशांवर बेरीज ९ किंवा जास्त: १० (९ चे ४, १० चे ३, ११ चे २, १२ चा १).